वेबसॉकेट ओपन ठेवल्याने बॅटरी जात नाही, रेडिओ सारखा उठवल्याने जाते

प्रश्न असा होता की मोबाईलवर चालणाऱ्या वेब ॲपमध्ये चॅट आणि लाइव्ह अपडेट्ससाठी वेबसॉकेट, म्हणजे सर्व्हर आणि ब्राउझरमधलं दोन्हीकडून बोलता येणारं कनेक्शन, कायम ओपन ठेवलंय, युजर बॅटरी संपते म्हणून तक्रार करतायत, तर आता सॉकेट काढून दर 5 सेकंदांनी पोलिंग करावं का, म्हणजे नवीन काही आहे का असं सर्व्हरला विचारत राहावं का, की एसएसईवर जावं, ज्यात फक्त सर्व्हर पाठवत राहतो. पोलिंगवर अजिबात जाऊ नका, त्याने आहे त्यापेक्षा वाईट होईल. आणि एसएसईने बॅटरीत सांगण्यासारखा फरक पडणार नाही, कारण तुमचा खर्च प्रोटोकॉलमुळे होतच नाहीये.

नुसतं ओपन असलेलं टीसीपी कनेक्शन, ज्यावरून काहीच येत-जात नाही, ते फोनसाठी जवळपास फुकट असतं. मेमरीत थोडी जागा, एवढंच. मोबाईल नेटवर्कवर बॅटरी खातो तो रेडिओ, आणि तो किती बाइट्स गेले यापेक्षा किती वेळा उठला यावर खातो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात, म्हणून याच्यावर जरा वेळ घालवतो.

एलटीईमध्ये, म्हणजे 4जीत, फोनच्या रेडिओच्या ढोबळ दोन अवस्था असतात, आयडल आणि कनेक्टेड. आयडलमध्ये तो अधूनमधून कान टवकारतो, नेटवर्ककडून पेजिंग, म्हणजे बोलावणं, आहे का बघतो आणि परत झोपतो, खर्च नगण्य. एक पॅकेट जरी पाठवायचं किंवा घ्यायचं झालं की तो कनेक्टेडमध्ये जातो, आणि काम संपल्यावर लगेच झोपत नाही. आणखी काही येईल म्हणून नेटवर्कने ठरवलेला टायमर संपेपर्यंत जागा राहतो, यालाच टेल टाइम म्हणतात. 2012 मध्ये अमेरिकेत एलटीईवर झालेल्या मोजमापात हा टेल साधारण साडेअकरा सेकंद निघाला होता आणि त्या काळातला खर्च 1 वॅटच्या आसपास. आता मोडेम सुधारलेत, कनेक्टेडमध्ये असतानाही डीआरएक्स नावाच्या सोयीमुळे रेडिओ मधेमधे डुलकी काढतो, 5जीमध्ये इनॅक्टिव्ह नावाची तिसरी अवस्था आली ज्यातून परत जागं होणं स्वस्त पडतं, आणि टायमर प्रत्येक ऑपरेटर आपापला ठेवतो. त्यामुळे आकडा तुमच्या नेटवर्कवर वेगळा असेल, पण गणिताची जात तीच राहते.

ते गणित एकदा करून बघा. 4000 एमएएचची बॅटरी, सरासरी 3.85 व्होल्ट, म्हणजे साधारण 15.4 वॅट-अवर, ज्यूलमध्ये 55 हजारांच्या थोडं वर. टेल 11 सेकंद आणि 1 वॅट धरला तर रेडिओ एकदा उठला की 11 ज्यूल गेले, मग पाठवलेलं पॅकेट 2 बाइटचं असो की 2 किलोबाइटचं. आता दर 25 सेकंदांनी पिंग करणारं, म्हणजे कनेक्शन जिवंत ठेवायला छोटं पॅकेट पाठवणारं, सॉकेट घ्या, तासाला 144 वेळा उठणार, 1584 ज्यूल, म्हणजे तासाला जवळपास 3 टक्के बॅटरी आणि युजरला एकही मेसेज आलेला नसताना. तोच पिंग दर 4 मिनिटांनी केला तर तासाला 15 वेळा, 165 ज्यूल, 0.3 टक्के. आणि दर 5 सेकंदांनी पोलिंग केलं तर टेल संपायच्या आतच पुढची रिक्वेस्ट येते, रेडिओ झोपतच नाही, तासाला 3600 ज्यूल, साडेसहा टक्के. म्हणून म्हटलं पोलिंग नको. प्रत्येक रिक्वेस्टला हेडर आणि कुकी जातात ते वेगळंच, पण रेडिओपुढे तो खर्च किरकोळ आहे.

यातून एक गोष्ट निघते जी बऱ्याच टीमच्या लक्षात येत नाही. लाइव्ह भाव किंवा स्कोअर दाखवणारं ॲप असेल आणि तुम्ही अपडेट दर सेकंदावरून दर 5 सेकंदांवर आणलेत तर मोबाईल डेटावर रेडिओचा खर्च फारसा हलत नाही, कारण दोन्हीकडे तो सलग जागाच आहे. फरक पडायला दोन अपडेटमधलं अंतर टेलच्या बरंच पलीकडे न्यावं लागतं, म्हणजे निदान 30 सेकंद किंवा त्याहून जास्त, नाहीतर अपडेट पूर्ण बंद करून युजरने खाली ओढलं की आणायचं. वायफायवर मात्र टेल सेकंदाच्या काही भागाएवढाच असतो त्यामुळे तिथे 1 वरून 5 वर जाण्याचाही फायदा दिसतो. टेस्टिंग सगळं ऑफिसच्या वायफायवर करायचं आणि तक्रारी मोबाईल डेटावाल्या युजरकडून यायच्या, हे इतक्या वेळा होतं त्याचं कारण हेच.

आता हार्टबीटकडे, म्हणजे ठरावीक वेळाने जाणाऱ्या त्या पिंगकडे, येतो, कारण तुमच्या ॲपमध्ये नव्याण्णव टक्के चोर इथेच असणार. 25 किंवा 30 सेकंद हा आकडा लोक का ठेवतात? सॉकेट डॉट आयओ या वेबसॉकेटच्या लायब्ररीमध्ये पिंग इंटरव्हल बाय डिफॉल्ट 25 सेकंद आहे, आणि सर्व्हरपुढे प्रॉक्सी म्हणून बसणाऱ्या एनजिनएक्सचा प्रॉक्सी रीड टाइमआउट बाय डिफॉल्ट 60 सेकंद, ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या, ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउटही बाय डिफॉल्ट 60 सेकंद. म्हणजे मिनिटभर शांतता झाली की तुमचाच सर्व्हर साइडचा डबा कनेक्शन तोडतो आणि त्याला जागं ठेवायला लाखो फोनचे रेडिओ उठवले जातात. हे उलटं आहे. प्रॉक्सीचा टाइमआउट आपल्या हातात असतो, तो वाढवा. एनजिनएक्समध्ये त्या लोकेशनपुरता 10 मिनिटं किंवा जास्त करता येतो, एडब्ल्यूएसचा तो लोड बॅलन्सर 4000 सेकंदांपर्यंत जातो.

मग उरतो ऑपरेटरचा नॅट, म्हणजे अनेक फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवून कुठलं कनेक्शन कोणाचं याची नोंद (मॅपिंग) ठेवणारा डबा. इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, आरएफसी 5382, म्हणतो की चालू टीसीपी कनेक्शन नॅटने 2 तास 4 मिनिटांच्या आत विसरू नये, पण मोबाईल नेटवर्कवर हे सगळीकडे पाळलं जात नाही, काही ठिकाणी काही मिनिटांतच मॅपिंग उडतं. याला ठरलेला एकच आकडा नाही, म्हणून मी हार्टबीट जुळवून घेणारा ठेवतो. सुरुवात 2 मिनिटांनी करायची, 2 नंतर 3, 3 नंतर 4 असं वाढवत न्यायचं, आणि ज्या अंतरानंतर कनेक्शन मेलेलं सापडलं त्याच्या एक पायरी खाली येऊन थांबायचं. नेटवर्क बदललं, म्हणजे वायफायवरून डेटावर आला, की परत 2 पासून. दुसरी गोष्ट म्हणजे कुठलाही खरा डेटा गेला-आला की हार्टबीटचा टायमर शून्यावर आणायचा. चॅट चालू असताना मधे वेगळा पिंग टाकण्यात काही अर्थ नाही, पण बरीच ॲप्स साधा सेटइंटरव्हल, म्हणजे ठरावीक वेळाने चालणारा टायमर, लावून मोकळी होतात आणि भर गप्पांतही पिंग चालूच.

लगेच प्रश्न येतो की हार्टबीट 4 मिनिटांचा केला तर कनेक्शन तुटलेलं उशिरा कळेल. बरोबर आहे, पण हार्टबीटवर दोन वेगळी कामं लादलेली असतात, एक नॅट जागा ठेवणं आणि दुसरं समोरचा जिवंत आहे का बघणं. दुसरं काम हार्टबीटने करूच नका. युजरने मेसेज पाठवला की सर्व्हरकडून पोच यायलाच पाहिजे, 5 सेकंदांत पोच नाही आली तर सॉकेट मेलं समजा, नवीन उघडा, मेसेज परत पाठवा. रेडिओ तेव्हा तसाही जागा असतो त्यामुळे ही तपासणी फुकटात होते. सर्व्हरला एखादा क्लायंट गेलेला 4 मिनिटं उशिरा कळला तर बिघडतं काय? ऑनलाइनचा हिरवा ठिपका थोडा वेळ चुकीचा दिसतो. माझ्या मते त्या ठिपक्यासाठी सगळ्यांची बॅटरी जाळण्यापेक्षा तो ठिपका चुकलेला परवडला.

ब्राउझरमधली एक अडचण माहीत असू द्या. वेबसॉकेटच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे 2011 च्या आरएफसी 6455 मध्ये, पिंग आणि पाँगच्या वेगळ्या फ्रेम्स आहेत पण जावास्क्रिप्टमधून त्या पाठवताही येत नाहीत आणि दिसतही नाहीत. सर्व्हरने पिंग फ्रेम पाठवली की ब्राउझर स्वतःच पाँग देतो, तुमचा कोड उठत नाही. त्यामुळे हार्टबीट सर्व्हरकडून, खऱ्या पिंग फ्रेमने आलेला बरा, निदान सीपीयू आणि मेन थ्रेडचं काम वाचतं, रेडिओ मात्र तेवढाच उठतो. पण वर सांगितलेला जुळवून घेणारा हिशेब मग सर्व्हरवर ठेवावा लागतो. सॉकेट डॉट आयओने तिसऱ्या आवृत्तीपासून पिंगची दिशा उलटी केली, आता सर्व्हर पिंग करतो, कारण मागे गेलेल्या टॅबमध्ये ब्राउझर टायमर मंद करतात आणि क्लायंटचा पिंग वेळेवर निघत नव्हता. तिथे इंटरव्हल वाढवायचा तर तो सर्व्हरच्या सेटिंगमध्ये वाढवा.

आता एक प्रकार जवळून दाखवतो, कारण असं चित्र मला परत परत दिसतं. ॲपमध्ये तीन वेगळ्या लोकांनी तीन टायमर लावलेले असतात: सॉकेटचा पिंग दर 25 सेकंदांनी, प्रेझेन्स (कोण ऑनलाइन आहे ते) दर 30 सेकंदांनी, आणि ॲनालिटिक्सची, म्हणजे वापराची आकडेवारी पाठवणारी, स्क्रिप्ट दर 20 सेकंदांनी. प्रत्येकाला वाटतं आपला आकडा बेताचा आहे. पहिलं मिनिट मांडून बघा, तिघंही शून्याला सुरू झाले असं धरून. 0 ला रेडिओ उठला, 11 ला झोपला. 20 ला ॲनालिटिक्सने उठवला, 31 ला झोपायचा होता पण 25 ला पिंग आला, 30 ला प्रेझेन्स, मग 40 ला ॲनालिटिक्स, 50 ला पिंग, आणि 60 ला परत दोघं एकत्र. म्हणजे 60 सेकंदांत तो झोपला किती, तर 11 ते 20 मधले 9 सेकंद. आता हेच तिन्ही एकाच टायमरवर आणा, मिनिटाला एकदा, एकापाठोपाठ एक लगेच पाठवा, आणि ॲनालिटिक्सने स्वतःहून कधीच रेडिओ उठवायचा नाही, साठवून ठेवायचं आणि दुसरं कोणी उठवलं की त्याच्या मागून जायचं. आता 60 पैकी 11 सेकंद जागा आणि 49 सेकंद झोप. ॲनालिटिक्सचा डेटा तेवढाच गेला, एकही फीचर काढलं नाही. तुमच्या ॲपमध्ये सगळ्यात आधी हेच शोधा, आणि बाहेरून आणलेल्या स्क्रिप्ट्स सोडू नका, सपोर्ट चॅटचे विजेट स्वतःचं वेगळं सॉकेट उघडून बसलेले असतात आणि टीममध्ये कोणाला पत्ताही नसतो.

युजरने ॲप मागे टाकलं किंवा स्क्रीन बंद केली तर? इथे वेब ॲपची गोष्ट नेटिव्हपेक्षा वेगळी आहे. आयफोनवर सफारी मागे गेली की थोड्याच वेळात पान थांबवलं जातं आणि सॉकेट तुटतं. अँड्रॉइडवर क्रोम मागच्या टॅबचे टायमर आधी मंद करतो आणि काही मिनिटांनी टॅब गोठवतो, वर स्क्रीन बंद करून फोन पडून राहिला की अँड्रॉइड 6 पासूनचा डोझ हा बॅटरी वाचवणारा मोड आहेच. त्यामुळे बॅकग्राउंडमध्ये सॉकेट जिवंत ठेवायची धडपड करू नका, गुपचूप ऑडिओ वाजवून टॅब जागा ठेवणं वगैरे युक्त्या लोक सुचवतात, कृपा करून करू नका, युजरच्या बॅटरीवर तो सरळ दरोडा आहे.

करायचं ते असं. व्हिजिबिलिटीचेंज, म्हणजे पान दिसणं-लपणं कळवणारा इव्हेंट, ऐका, पान लपलं की 20-30 सेकंद थांबा, कारण लोक ओटीपी बघायला जाऊन लगेच परत येतात आणि दरवेळी तोडून जोडण्यात टीसीपी, टीएलएस आणि अपग्रेडच्या फेऱ्या नव्याने होतात. तेवढ्यात परत आला नाही तर सॉकेट आपणहून नीट बंद करा. पेजहाइडवर, म्हणजे युजर पान सोडून जातो तेव्हा, मात्र लगेच बंद करा, क्रोममध्ये ओपन सॉकेटमुळे पान बॅक-फॉरवर्ड कॅशेत, म्हणजे मागे-पुढे जाताना लगेच दाखवायला ठेवलेल्या साठ्यात, जाणं अडू शकतं आणि मग मागे आल्यावर सगळं नव्याने लोड होतं, तोही रेडिओ आणि सीपीयूचाच खर्च. अनलोडवर विसंबू नका, मोबाईलवर तो बऱ्याचदा येतच नाही.

परत आल्यावर सॉकेटची रेडीस्टेट ओपन दाखवते म्हणून विश्वास ठेवू नका, फोन गोठलेला असताना पलीकडून कधीच तुटलेलं असतं आणि ब्राउझरला पत्ता नसतो. पान परत दिसलं की स्वतःचा एक छोटा मेसेज पाठवा, 2-3 सेकंदांत उत्तर नाही आलं तर जुनं टाकून नवीन उघडा. आणि नवीन उघडताना शेवटचा मिळालेला मेसेज आयडी सोबत द्या म्हणजे सर्व्हर फक्त राहिलेलं पाठवेल, पूर्ण यादी परत मागवायची गरज नाही. एसएसईमध्ये हे लास्ट इव्हेंट आयडीच्या रूपात आयतं मिळतं, फक्त सर्व्हरकडून आलेलं तुम्हाला दाखवायचंय आणि वर काही पाठवायचं नाही अशा ॲपला मी म्हणून एसएसईच सुचवतो, पण कारण सोय हे आहे, बॅटरी नाही. मात्र एसएसईमध्ये प्रॉक्सीसाठी दर 15 सेकंदांनी कॉमेंटची ओळ पाठवायचा जो सल्ला चालत आलाय तो मोबाईलवर डोळे झाकून घेऊ नका, वरचं सगळं गणित त्यालाही लागू आहे.

रीकनेक्टचा कोड हा बॅटरीचा दुसरा मोठा खड्डा. सिग्नल कमजोर असतो तेव्हाच कनेक्शन तुटतं, आणि सिग्नल कमजोर असतो तेव्हाच रेडिओला जास्त जोर लावून पाठवावं लागतं, म्हणजे सगळ्यात महाग वेळी तुमचा कोड दर सेकंदाला परत प्रयत्न करत असतो. 1 सेकंद, 2, 4, 8 असं वाढवत 2 ते 5 मिनिटांपर्यंत न्या, प्रत्येकात थोडा यादृच्छिक फरक ठेवा नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळे क्लायंट एकाच क्षणी येऊन आदळतात. ऑनलाइन इव्हेंट आला किंवा युजरने स्क्रीनला हात लावला की थांबायचं सोडून लगेच एकदा प्रयत्न करा. पान लपलेलं असताना प्रयत्न शून्य.

युजर ॲपमध्ये नसताना मेसेज पोचायलाच हवा असेल तर त्यासाठी वेब पुश, म्हणजे ब्राउझरमार्फत येणाऱ्या सूचना, आहे. ते स्वस्त पडतं कारण फोनवर पुश सेवेचं एकच कनेक्शन सगळ्या ॲप्ससाठी मिळून असतं. आयफोनवर हे आयओएस 16.4 पासून, 2023 च्या मार्चपासून चालतं, पण वेब ॲप होम स्क्रीनवर टाकलेलं असेल तरच. आणि वेब पुशच्या आरएफसी 8030 मधला अर्जन्सी हेडर भरत चला, फार कमी लोक भरतात. त्यात व्हेरी लो, लो, नॉर्मल आणि हाय अशा चार पायऱ्या आहेत, लो म्हणजे फोन चार्जिंगला किंवा वायफायवर असताना दिलं तरी चालेल, हाय म्हणजे बॅटरी कमी असली तरी द्या. कोणीतरी लाइक केलं याला हाय लावू नका. त्याच आरएफसीमधला टॉपिक हेडर वापरला तर न पोचलेल्या जुन्या सूचनेच्या जागी नवीन येते, म्हणजे फोन बऱ्याच वेळाने जागा झाला की एकाच विषयाच्या वीस सूचना न येता शेवटची एकच येते.

रेडिओ सोडून अजून एक खर्च आहे, मेसेज आल्यावर तुम्ही स्क्रीनवर काय करता. सेकंदाला वीस अपडेट येतात आणि प्रत्येकाला पूर्ण यादी नव्याने रेंडर होते असं असेल तर वायफायवरही फोन गरम होणार. आलेले मेसेज साठवा आणि रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेममध्ये, म्हणजे ब्राउझर पुढचं चित्र काढायच्या आधी, एकदम लावा, पान लपलेलं असताना तो तसाही चालत नाही. जे रो स्क्रीनवर दिसतायत त्यांचीच प्रेझेन्स आणि भाव सबस्क्राइब करा. परमेसेज डिफ्लेट, म्हणजे मेसेजचं कॉम्प्रेशन, चालू करावं का असं विचारतात, छोट्या चॅट मेसेजना बॅटरीसाठी त्याचा उपयोग नाही.

बदल करायच्या आधी मोजून ठेवा, नाहीतर नंतर अंदाजच लढवत बसाल. अँड्रॉइड फोन, वायफाय बंद, ब्राइटनेस ठरवून एकच, फोन केबलवरून काढलेला, कारण केबलवर तो चार्ज होत राहतो आणि आकडे खोटे येतात, एडीबी, म्हणजे कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडला आज्ञा देणारं साधन, वायफायवरूनही चालतं पण मग मोबाईल डेटाचं मोजमाप होत नाही, त्यामुळे आधी केबलने बॅटरीस्टॅट्स, म्हणजे फोनमधली बॅटरीची नोंद, रीसेट करा, केबल काढा, अर्धा तास ॲप उघडं ठेवा, मग परत जोडून बगरिपोर्ट घ्या आणि बॅटरी हिस्टोरियन या गूगलच्या साधनात उघडा. तिथे मोबाईल रेडिओ ॲक्टिव्ह नावाची एक ओळ असते, तीच बघायची. पिक्सेल 6 किंवा पुढचा फोन हाताशी असेल तर अँड्रॉइड स्टुडिओचा पॉवर प्रोफायलर प्रत्यक्ष सर्किटनिहाय खर्च दाखवतो, तो अजून चांगला. कोणीही मेसेज पाठवत नसताना त्या रेडिओच्या ओळीवर सलग पट्टा दिसला तर टायमर एकमेकांच्या शेपटीवर पाय देतायत. टायमर एकत्र केल्यावर आणि हार्टबीट लांबवल्यावर तिथे बारीक काड्या आणि मधे मोकळी जागा दिसायला लागते, आणि तरीही एखादी काडी ठरलेल्या वेळेबाहेर उठत असेल तर क्रोमच्या रिमोट डीबगिंगमध्ये नेटवर्कचा टॅब उघडून त्या सेकंदाला काय गेलं ते बघा, बहुतेक वेळा तुम्ही न लिहिलेली एखादी स्क्रिप्ट सापडते.